बंड्याचा गुडघा : सोळा आठवड्यांच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

निदान पक्कं झालं. उजव्या मागच्या गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट पूर्ण तुटलंय. बंड्या सहा वर्षांचा, पिवळा लॅब्राडॉर. आजचं वजन ३४.२ किलो.

एप्रिलपासून लंगडत होता. आधी जिथे दाखवलं तिथे 'मुरगळलाय, आराम द्या' म्हणून गोळ्या मिळाल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरा, संपल्या की पुन्हा लंगडा. असं तीनदा झालं. गुडघा नीट हाताळून कुणी पाहिला नाही आणि मीही आग्रह धरला नाही, हे मनाला लागून राहिलंय. एक खूण तर दोन महिने डोळ्यांसमोर होती. बसताना उजवा पाय पोटाखाली घ्यायचाच नाही, बाहेर फेकून बसायचा. मला वाटायचं, लाडात आलाय.

आज सर्जन मॅडमनी एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी हलकेच पुढे ढकलली. टेबलाचा खण उघडावा तशी ती सरकली. या तपासणीला म्हणतातही ड्रॉवर टेस्ट. एवढं दिसल्यावर आणखी काही विचारायचं उरलं नाही.

आईला घरी येऊन समजावलं ते असं. कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. त्यावर मांडीचं हाड टेकलेलं. उतारावर भाजीची हातगाडी उभी आहे आणि एका दोरीने बांधून ठेवली आहे असं समज. ती दोरी म्हणजे हे लिगामेंट. माणसांत ते बहुतेकदा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांत महिनोन् महिने विरत जातं आणि एक दिवस साध्या उडीचं निमित्त होतं. ऑपरेशनमध्ये दोरी नवी घालत नाहीत. उतारच सपाट करतात. नडगीचा माथा गोलाकार करवतीने कापायचा, फिरवायचा आणि पट्टी-स्क्रूंनी नव्या जागी बसवायचा. टीपीएलओ म्हणतात याला. बार्कली स्लोकम या अमेरिकी पशुशल्यचिकित्सकाने १९९३ साली ही पद्धत मांडली. बंड्याचा उतार २६ अंश आहे, तो पाच-सहा अंशांवर आणायचा.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे बरं असलेलं हाड मुद्दाम कापायचं?" हो. म्हणूनच पुढचे दोन-तीन महिने घरातल्या सगळ्यांच्या हातात आहेत.

१५ आणि १६ जून

शनिवार-रविवार घराच्या तयारीत. आमच्याकडे बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत व्हिट्रिफाइड टाइल्स, आरशासारख्या. त्यावर चार पायांचा धडधाकट कुत्राही घसरतो. लक्ष्मी रोडवरून रबरी पाठ असलेल्या पट्ट्या आणल्या, दोन फूट रुंदीच्या. बैठक, बाल्कनीपर्यंतची वाट, दारापर्यंतची वाट. कडेला दुहेरी टेप. पायपुसणी सगळी उचलून ठेवली, ती पायाखालून पळतात.

बैठकीच्या कोपऱ्यात सहा बाय चार फुटांचा कठडा केला. माझं काम टूलरूममधलं, म्हणजे कारखान्यात हत्यारं-साचे घडवतात तिथलं, त्यामुळे चौकोनी पाइप आणि जाळी मिळवायला अडचण आली नाही. उंची साडेतीन फूट. आत जाड गादी, वर आईची धुवट गोधडी. सोफा पालथा करून भिंतीला लावला, म्हणजे उडी मारायला जागाच नको. नखं कापून घेतली. लांब नखांचा कुत्रा पंजा नीट टेकवू शकत नाही, हे मला नव्याने कळलं.

आईने तिच्या जुन्या सुती नऊवारीची चार पदरी पट्टी शिवून दिली, पोटाखालून घेऊन मागचा भाग उचलायला. पहिल्यांदा लावून पाहिली तर बंड्या शू करेना. नर कुत्र्याला पट्टी सरळ पोटावर आली की सगळं झाकलं जातं. मग आईने मध्ये अर्धचंद्र कापला, कडा दुमडून शिवल्या. जमलं.

१८ जून, मंगळवार

ऑपरेशन झालं. ३१६ एल स्टीलची पट्टी, सहा स्क्रू. मेनिस्कसचा, म्हणजे सांध्यातल्या गादीचा, फाटलेला तुकडा काढला. रात्री तिथेच ठेवलंय.

१९ जून

घरी आणला. मांडीपासून घोट्यापर्यंत तासलेला पाय, गुलाबी कातडी, आतल्या बाजूने बारा टाके. इतका बारीक पाय त्याचा आहे हे केसांखाली कधी दिसलंच नव्हतं.

रात्रभर कण्हत होता. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की भुलीच्या आणि गुंगीच्या औषधांमुळे पहिल्या रात्री कुत्री वेदना नसतानाही कण्हतात. कळत होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कठड्याच्या आत गादीशेजारी चटई टाकून झोपले. माझा हात त्याच्या मानेखाली गेला की आवाज थांबायचा, काढला की सुरू. पहाटे चारला नऊवारीच्या पट्टीवर तोलून खाली नेलं. दीड मिनिट शू केली. हा आजचा सर्वांत मोठा दिलासा, ऑपरेशननंतर लघवी अडकते की काय ही धास्ती होती.

२१ जून

बर्फाचा शेक दिवसातून चारदा, दहा ते पंधरा मिनिटं. गोठवलेल्या मटारच्या पिशवीभोवती पातळ पंचा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. मटारची पिशवी गुडघ्याभोवती छान बसते, बर्फाचे खडे टोचतात.

आज घोट्याशी सूज उतरली, पाण्याची पिशवी लोंबावी तशी. घाबरून फोन केला. सांध्याभोवतीचं पाणी वजनाने खाली येतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, गरम आणि लाल होत नाही ना एवढं पाहा, म्हणाल्या. घोटा खालून वर हळूच चोळायचा.

२४ जून

औषधांचा तक्ता फ्रिजवर लावला. कार्प्रोफेन, म्हणजे कुत्र्यांची सूज-वेदनेची गोळी, सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी कधीच नाही. गॅबापेंटिन, तेही वेदनेसाठीच, तीनदा. उलटी किंवा काळी शी दिसली की कार्प्रोफेन थांबवून लगेच फोन.

शेजारचे काका मायेने त्यांची गुडघेदुखीची गोळी घेऊन आले होते, अर्धी द्या म्हणाले. त्यांना दुखवायचं नव्हतं, पण नाही म्हणाले, आणि बसवून कारणही सांगितलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कार्प्रोफेन चालू असताना त्यावर दुसरी तशी गोळी तर आणखी वाईट. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला भारतात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांमुळे; औषध दिलेली गुरं मेली की ती खाऊन गिधाडं मरत होती. काकांना हे माहीत नव्हतं, ऐकून गप्प झाले. संध्याकाळी ते बंड्यासाठी गाजर घेऊन आले.

गळ्यातला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, म्हणजे नाही. काल मुलाने 'त्याला पाणी पिता येत नाही' म्हणून दहा मिनिटांसाठी काढला, तेवढ्यात दोन टाके चाटून ओले केले. वाडगं विटेवर ठेवलं, कोनासकट पिता येतं.

३ जुलै

टाके काढले. परवाच जायचं होतं, पण पालख्या शहरात मुक्कामाला, रस्ते बंद. जखम कोरडी. पाय टेकवतोय, चार पावलांत तीनदा.

मॅडमचं आजचं सांगणं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते : *पंधराव्या दिवशी त्याला बरं वाटायला लागेल. हाड जुळायला आठ आठवडे लागतील. धोका या दोन तारखांच्या मधे आहे.*

स्क्रू एका दणक्याने क्वचित निघतात. हजार छोट्या हिसक्यांनी सैल होतात. पट्टी वाकून वाकून थकते. माझ्या धंद्यात हे रोज पाहते, आणि तरी कुत्रा शेपूट हलवत दाराशी उभा राहिला की 'आज जरा सोडू या' असं मलाच वाटतं. हाड जुळेपर्यंत सगळा भार ती पट्टी वाहते आहे, हे विसरायचं नाही.

आजपासून पाच मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा, आखूड पट्टा. हळू. जोरात नेलं की पाय वर धरून तीन पायांवर पळतो. सावकाश नेलं तर चौथा टेकवावाच लागतो. मी एकेक पाऊल मोजत चालते. पावसाच्या सरीत सोसायटीच्या आवारातली पाच मिनिटं फार लांब असतात.

७ जुलै, रविवार

वाईट दिवस.

दुपारी आईने त्याला खाली न्यायला कठडा उघडला आणि पट्टा घ्यायला वळली. तेवढ्यात घंटा वाजली. तो सुटला. पट्टीवरून पट्टीवर धावला, पण दाराजवळ आमच्या चपलांच्या कपाटापुढे चार फूट टाइल्स उघड्या राहिल्या होत्या. तिथे पट्टी पुरली नव्हती आणि मी 'नंतर बघू' म्हटलं होतं. मागचे दोन्ही पाय बाहेर फाकले आणि तो पोटावर आदळला. ओरडला.

आई मटकन खाली बसली. मी गुडघा चाचपला. गरम नाही, नवी सूज नाही, पण पाय टेकवेना. शेक, कठडा, फोन. उद्या सकाळी एक्स-रे.

आई रात्री जेवली नाही. "माझ्यामुळे झालं," म्हणत राहिली. तिच्यामुळे झालं नाही. ते चार फूट माझे होते.

८ जुलै

एक्स-रेमध्ये हाडावरची पट्टी जागेवर, सहाही स्क्रू जागेवर. स्नायू ताणला गेलाय. पाच दिवस फिरणं बंद, फक्त शू-शीपुरतं खाली.

घंटेची वायर काढून टाकली. दारावर कागद लावला : 'घंटा वाजवू नये, फोन करावा.' कठड्याच्या कडीवर दुसरा कागद, आईच्या अक्षरात : 'आधी पट्टा, मग कडी.' पट्टा आता कडीलाच टांगलेला असतो. उघड्या टाइल्सवर रबरी चटई चिकटवली.

१४ जुलै

मोजमापाची रीत बसवली. पाय किती टेकवतोय हे डोळ्यांनी बघून रोज वेगळं वाटतं. ज्या दिवशी आपण खूश असतो त्या दिवशी तो बरा दिसतो. म्हणून दोन सारखे वजनकाटे आणले. पुढचे पाय काट्याच्याच उंचीच्या फळीवर, मागचा एकेक पाय एकेका काट्यावर. समोर मुलगा गाजराचा तुकडा नाकासमोर धरतो, म्हणजे मान सरळ राहते. मान वळली की आकडा बदलतो. पाच वेळा घेऊन सरासरी.

उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, चाळीस मागच्या. म्हणजे बंड्याच्या मागच्या प्रत्येक पायावर साडेसहा किलोच्या आसपास यायला हवं. आज डावा ८.६, उजवा ३.७.

शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर : डावा ४१ सेंमी, उजवा ३६. टेप दर वेळी त्याच जागी लागावी म्हणून कातडीवर पेनाने ठिपका.

आता बर्फाऐवजी गरम शेक, मग कुशीवर झोपवून गुडघा सावकाश दुमडायचा-उलगडायचा, दहादा. हाताखाली सांधा कळतो. दुमडताना एका ठिकाणी तो श्वास रोखतो, कान मागे घेतो. तिथेच थांबायचं, त्याच्या पुढे रेटायचं नाही. काल तो थांबा होता त्यापेक्षा आज जेमतेम बोटभर पुढे होता.

१९ जुलै

वजन ३२.७.

खाण्याचं गणित एकदा लिहून ठेवते. उद्दिष्ट ३० किलो. त्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, म्हणजे दिवसाला सुमारे ९०० कॅलरी. आतापर्यंत त्याच्या पोटात आईच्या दोन पोळ्या, माझ्या ताटातलं, मुलाच्या डब्यातलं, सगळं जात होतं. प्रेमानेच. आता वाडग्यात काट्यावर तोललेलं खाणं, आणि लाड गाजर, काकडी, उकडलेल्या दुधीचा.

आईला हे पटवायला वेळ लागला. तिला एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला पोटभर आणि त्याच्या जोडीदाराला पाव हिस्सा कमी असं जन्मभर खायला घातलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांध्याचा त्रासही उशिरा सुरू झाला. आई काही बोलली नाही. रात्री पोळीचा डबा मात्र उंच फळीवर गेला होता.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. पहाटे खडकवासला धरणाचं पाणी मुठा नदीला आलं, नदीपलीकडे एकतानगरीत घरांत शिरलं. आमच्याकडे कर्वेनगरात घरं कोरडी, पण वीज गेली आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना बंड्याला आठ आठवडे वर्ज्य.

उचलून नेऊन पाहिलं. मुलगा पुढे, मी मागे, सहा पायऱ्या. तो बिथरून पाय झाडायला लागला. हातातून सुटला तर सगळं संपलं. परत आणला.

काल रात्री नऊनंतर शू केलेली नाही. बाल्कनीत करेना, घरात करायचं नाही हे त्याला पिल्लापासून शिकवलंय आणि तो ते मोडायला तयार नाही. अकरा वाजले, बारा वाजले. दर पाच मिनिटांनी दाराकडे बघायचा, मग माझ्याकडे.

मग आईला सुचलं. शेवंतीच्या दोन कुंड्या तिने जुन्या ताडपत्रीवर उपड्या केल्या, दाराबाहेर जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत. माती पसरली. मुलगा खाली जाऊन, तो रोज ज्या कडुनिंबाखाली जातो तिथला ओला पाचोळा पिशवीत भरून घेऊन आला आणि मातीवर टाकला. बंड्याला नऊवारीच्या पट्टीवर बाहेर आणलं. त्याने पाचोळा हुंगला. बराच वेळ हुंगला. आम्ही तिघांनी पाठ फिरवली. आणि मागून तो आवाज आला.

सव्वाबारा. आईच्या डोळ्यांत पाणी.

लिफ्ट दोन दिवस बंद राहणार असं कळलं. ताडपत्री तिथेच राहू दे म्हणून समोरच्या घरातून निरोप आला, वर आणखी एक कुंडी माती.

४ ऑगस्ट

डावा ७.४, उजवा ५.१. उजव्या मांडीचा घेर ३७. चालणं पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. बस-ऊठ, पाच वेळा, सरळ बसला तरच मोजायची. भिंत उजवीकडे ठेवून बसवलं की पाय बाहेर फेकायला जागा मिळत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आठ आठवडे पूर्ण. एक्स-रे.

१८ जूनचा आणि आजचा, दोन्ही शेजारी लावून मॅडमनी दाखवले. तेव्हा कापाची रेघ सुरीने ओढल्यासारखी काळी होती. आज ती शोधावी लागते. एका टोकाला पुसट, दुसऱ्या टोकाला नाहीच. स्क्रूंभोवती काळी कड नाही, म्हणजे कुठे सैल नाही.

घरी येऊन कठड्याची एक बाजू काढली. अजून उडी नाही, जिना नाही, दुसऱ्या कुत्र्यांबरोबर खेळ नाही. चालणं दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवायचं. आजपासून झाडूंचे दांडे : पाच दांडे जमिनीपासून चार इंचांवर, दोन-दोन फुटांच्या अंतराने, त्यावरून सावकाश. प्रत्येक पाय विचार करून उचलावा लागतो. पहिल्या फेरीत उजवा पाय तीनदा दांड्याला लागला.

२७ ऑगस्ट

दहीहंडी. आवाजाला घाबरला. दिवसभर आतल्या खोलीत, पंखा मोठा, आई शेजारी वाचत बसलेली. फिरणं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. पाहुण्यांसाठी दारावरच कागद : 'प्रसाद बंड्याला देऊ नये.' शिऱ्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं-बेदाणे थोडेसे खाल्ले तरी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. यंदा आईने शिरा बिनबेदाण्याचा केला, तरी बाहेरून आलेल्या पुड्यांचा भरवसा नाही.

काट्यावर डावा ६.६, उजवा ५.७. दांड्यांवरून पाच फेऱ्या, एकही स्पर्श नाही.

२२ सप्टेंबर

पहिल्यांदा तळजाईच्या टेकडीवर. पट्टा लावूनच, अर्धा तास, चढावर सावकाश. चढताना मागच्या पायांना काम मिळतं, उतरताना पुढच्यांना. वर पोचल्यावर ओल्या गवतात लोळला, चारही पाय वर. त्यात तासलेला पाय ओळखू येईना; केस पूर्ण भरलेत. मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सोळा आठवडे. मॅडमनी मोकळं केलं. गुडघा दुमडतो-उलगडतो डाव्याइतकाच, ड्रॉवर अजूनही थोडा सरकतो पण चालताना सरकत नाही, आणि टीपीएलओमध्ये तेच अपेक्षित असतं. वजन ३०.४. काट्यावर डावा ६.२, उजवा ६.०. मांडीचा घेर डावा ४०.५, उजवा ३९.५.

एक गोष्ट त्यांनी बजावली. ज्या कुत्र्याचं एका गुडघ्याचं लिगामेंट विरतं त्याचं दुसऱ्याचंही विरण्याची शक्यता मोठी. जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत पुढच्या काही वर्षांत दुसरा पाय जातो. वजन वाढू द्यायचं नाही आणि बसण्याची ढब बघत राहायची.

कठडा उद्या काढणार, पाइप परत टूलरूमला. जमिनीवरच्या पट्ट्या काढू का विचारलं तर आई म्हणाली, राहू देत, मलाही बरं पडतं. घंटेची वायर दिवाळीला जोडू.

घेर मोजायची टेप अजून खिळ्याला टांगलेलीच आहे. वहीत डाव्या पायाचा रकाना आजपासून : बसताना पाय आत, ताठ, दोन्ही वेळा.